समदृष्टी आणि शाळेची पंगत

वाचक माउली, समदृष्टी हा शब्द आपण फार सहज वापरतो. सर्वांना एकाच मापाने मोजणे असा त्याचा अर्थ घेतला, तर घोटाळा होतो. पंगतीत वाढप्याने प्रत्येकाच्या पानात सारखीच कडक भाकरी वाढली आणि दात नसलेला म्हातारा तसाच उठला, तर त्या सारखेपणाचे पुण्य कोणाच्या पदरी? भाकरी मोजणे हा वाढप्याचा धर्म नव्हे. कोणी उपाशी उठू नये हे पाहणे हा त्याचा धर्म. प्राथमिक शाळेतले गुरुजी आणि बाई हे असेच वाढपी. सगळ्या लेकरांना एकच धडा एकाच भाषेत दिला, की त्यांचे कर्तव्य संपले का?

अमरावती जिल्ह्यातला मेळघाट घ्या. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत कोरकू समाजाची मोठी वस्ती आहे. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. तिचे कूळच निराळे, मुंडा; संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात. पहिलीतले लेकरू झऱ्याची वाट जाणते, उन्हाळ्यात तो कधी आटतो हेही जाणते. फळ्यावर ‘पाणी’ लिहून गुरुजी प्रश्न विचारतात, तेव्हा ते गप्प बसते. आता अज्ञान कोणाचे? लेकराला गुरुजींचे चार शब्द येत नाहीत. गुरुजींना त्याची अख्खी भाषा येत नाही. तरी ‘मंद’ हा शिक्का लेकरावरच बसतो. हा अन्याय कोणी रागाने करीत नाही, म्हणून तो दिसतही नाही.

शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती श्रोत्यांच्या मराठीत. ज्याला संस्कृत कळत नव्हते त्याला माउलींनी अपात्र ठरवले नाही. गीतेचा अर्थच त्याच्या भाषेत आणला. तेव्हा मराठी दाराबाहेर उभी होती. आज मेळघाटातल्या वर्गात ती आत बसली आहे आणि कोरकू बाहेर उभी आहे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तरी हे ओळखायला हवे.

कोणी म्हणेल, पुढे परीक्षा मराठीत, कचेरी मराठीत. लेकराला कोरकूतच ठेवले तर नुकसान त्याचेच. शंका खरी आहे. त्याला मराठी आलीच पाहिजे. पण नाव पैलतीरी न्यायची असली, तरी उतारू उभा आहे त्या काठाला ती आधी लावावी लागते. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावे आणि मूल भयमुक्त असावे, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असे सांगितले. पण कागदावरचे वचन वर्गात उतरते ते शिक्षकाच्याच हातून.

मग शिक्षकाची वाढ कशाने होते? प्रशिक्षणे होतात, केंद्राच्या शिक्षण परिषदा भरतात, त्या हव्यातच. पण ‘बाळा, हे मला शिकव’ असे म्हणता आले, की खरी वाढ सुरू होते. फळ्यावर ‘पाणी’च्या शेजारी ‘डा’ लिहावे, उच्चार लेकराकडून सुधारून घ्यावा. रानातल्या झाडांची नावे मुलांना विचारावीत. गावातल्या आजीला वर्गात बोलावून गोष्ट सांगायला लावावी. एवढ्याने भाषा येत नाही, हे खरे. पण आपला शब्द गुरुजींच्या तोंडून ऐकला की लेकराची मान वर होते, आणि मान वर झालेले लेकरूच प्रश्न विचारते. एकट्याने दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्याला हे ओझे वाटेल. त्याने रोज एकच शब्द घ्यावा.

माउली, तुमच्या गावच्या शाळेतही असे एखादे लेकरू असेल : तांड्यावरचे, पालावरचे, ऊसतोडीहून उशिरा परतलेले. त्याला काय येत नाही हे सगळेच सांगतील. त्याला काय येते, हे तुम्ही शाळेत जाऊन विचारा.