शस्त्र, सोंग आणि आस्वाद : एका द्वंद्वक्रीडेची नैतिक चिकित्सा

ज्या कृतीचा प्रत्यक्ष जीवनात निःसंदिग्ध निषेध केला जातो, तिच्याच प्रतिरूपापासून मिळणारा आनंद निर्दोष असू शकतो का, हा प्रश्न साहित्यविचाराला नवा नाही. शोकांतिकेच्या आस्वादाची उपपत्ती लावताना ॲरिस्टॉटलला, आणि करुण, भयानक, बीभत्स यांची आस्वाद्यता प्रतिपादताना भारतीय रसमीमांसकांना, या प्रश्नाला सामोरे जावे लागले होते. मात्र या दोन्ही परंपरांनी गृहीत धरलेला आस्वादक हा प्रेक्षक किंवा वाचक आहे. तलवार त्याच्या हाती नसते. रंगमंचावरील वध त्याच्या इच्छेने घडत नाही आणि त्याच्या अनिच्छेने थांबतही नाही. व्हिडिओ गेमने हे अंतर पुसून टाकले. तेथे आस्वाद घेणारा आणि प्रहार करणारा एकच असतो. त्यामुळे जुना प्रश्न नव्या धारेने उभा राहतो : आस्वादक जेव्हा कर्ता होतो, तेव्हा त्याच्या आनंदाचे नैतिक स्वरूप बदलते की नाही?

या प्रश्नाच्या चिकित्सेसाठी जपानच्या नामको कंपनीने निर्माण केलेल्या 'सोलकॅलिबर' या मालिकेचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर आलेल्या 'सोल एज'पासून ही मालिका सुरू होते. 'सोलकॅलिबर' हे नाव तिने १९९८ साली धारण केले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, एका अभिमंत्रित दुष्ट तलवारीच्या शोधात निघालेले नाना देशांचे योद्धे परस्परांशी द्वंद्व खेळतात, एवढाच तिचा कथाभाग. मित्सुरुगी या सामुराईच्या हाती कताना, सोफिटिया या ग्रीक स्त्रीच्या हाती आखूड तलवार आणि ढाल, किलिकच्या हाती लांब दंड, तर आयव्हीच्या हाती चाबकासारखी उलगडणारी तलवार आहे. २००५ साली प्लेस्टेशन २ साठी आलेल्या तिसऱ्या भागात खेळणाऱ्याला स्वतःचे पात्र घडविण्याची सोय देण्यात आली आणि २००८, २०१२ व २०१८ सालच्या पुढील भागांत ती कायम राहिली. म्हणजे एकाच खेळात दोन भिन्न जातींचे आनंद एकत्र आले : शस्त्र चालविण्याचा आणि माणूस घडविण्याचा. रॉजे कायवा याने १९५८ मध्ये क्रीडांचे जे चतुर्विध वर्गीकरण केले, त्यातील 'स्पर्धा' आणि 'सोंग' हे दोन प्रकार येथे एका छताखाली नांदतात. नैतिक चिकित्सेत मात्र सामान्यतः पहिल्याच आनंदाकडे संशयाने पाहिले जाते. तो संशय योग्य जागी आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

अशा खेळांविषयी दोन ठरावीक भूमिका घेतल्या जातात. शस्त्राचा खेळ शस्त्राची चटक लावतो, ही पहिली. हा केवळ खेळ आहे, त्याचा जीवनाशी संबंध नाही, ही दुसरी. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) मांडलेल्या परिभाषेत सांगायचे तर पहिली लौकिकतावादी आणि दुसरी अलौकिकतावादी आहे. आणि सौंदर्यविचाराला असलेले हे दोन ध्रुव येथेही एकमेकांना पूर्णपणे खोडू शकत नाहीत. परंतु या विशिष्ट वादात दोन्ही पक्षांचा एक समान दोष आहे. दोघेही खेळाच्या परिणामांविषयी बोलतात, आनंदाच्या घटनेविषयी नाही. उद्या असा खेळ कोणालाही हिंसक बनवीत नाही असे निर्विवाद सिद्ध झाले, तरी खेळणारा नेमका कशाने सुखावतो हा प्रश्न शिल्लक राहीलच. परपीडेने सुखावणारा मनुष्य प्रत्यक्षात कोणालाही इजा करीत नसला, म्हणून त्याचे सुख निर्दोष ठरत नाही.

तेव्हा विचारायचे ते असे की, सोलकॅलिबरमधील द्वंद्वाचा आनंद कोणत्या घटकांनी सिद्ध होतो. या द्वंद्वाचे व्याकरण मोजक्या भेदांवर उभे आहे. प्रहार आडवा असतो किंवा उभा. उभा प्रहार बगल देऊन चुकविता येतो. बगल देणाऱ्याला आडवा प्रहार गाठतो. प्रहार वरच्या, मधल्या किंवा खालच्या पातळीवर येतो. वरचा खाली वाकून टाळता येतो, मधला वाकलेल्यालाच लागतो, खालचा अडविण्यासाठी वाकावे लागते. योग्य क्षण साधल्यास प्रतिपक्षाचे शस्त्र उलटवून लावता येते. यातील कोणतीही हालचाल स्वतःपुरती श्रेष्ठ नाही. तिला अर्थ येतो तो समोरच्याच्या हालचालीच्या संदर्भात. भाषेतील चिन्हाचे मूल्य जसे अन्य चिन्हांशी असलेल्या भेदातून ठरते, तसेच येथे घडते. म्हणूनच सारखी तीच चाल खेळणारा प्रतिस्पर्धी हरला तरी कंटाळवाणा वाटतो आणि तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभवही समाधान देऊन जातो. हा अनुभव निर्णायक मानला पाहिजे. पीडा देणे हे जर या आनंदाचे मूळ असते, तर दुबळा प्रतिस्पर्धी सर्वांत प्रिय ठरला असता.

नाट्यशास्त्राला ही दृष्टी अपरिचित नव्हती. रंगभूमीवर शस्त्र कसे चालवावे यासाठी भरताने भारत, सात्त्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार 'न्याय' सांगितले आणि त्यांचे प्रहारस्थान अनुक्रमे कटी, पाद, वक्ष आणि शिर असे ठरवून दिले. त्याबरोबरच खरा छेद, खरा भेद आणि रक्तस्राव यांना त्याने मज्जाव केला. शस्त्रसंचालनाला 'न्याय' म्हणावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. शस्त्र रंगभूमीवर आले की ते इजेचे साधन न उरता पदन्यासाचे आणि लयीचे अंग बनते. सोलकॅलिबरमध्येही रक्त वाहत नाही. घाव बसल्याची खूण प्रकाशाची चमक देते. मर्ढेकरांच्या परिभाषेतील संवाद, विरोध आणि समतोल ही तिन्ही लयतत्त्वे दोन कसलेल्या खेळाडूंच्या द्वंद्वात सहज दाखविता येतील.

तरीही एवढ्यावर निर्दोषत्वाचा निवाडा देणे घाईचे होईल. आनंद केवळ लयीचा असता, तर तलवारीच्या जागी वेताच्या छड्या असूनही तो तसाच मिळाला असता. तसे होत नाही. शस्त्राला धार आहे, ते जीव घेऊ शकते, ही जाणीव त्या लयीला वजन देते. या दृष्टीने मालिकेतील व्होल्डो हे पात्र बोलके आहे. एका इटालियन शस्त्रव्यापाऱ्याच्या खजिन्याची राखण करता करता दृष्टी आणि भान गमावलेल्या या सेवकाच्या दोन्ही हातांत कट्यारी आहेत आणि त्यांची नावे 'मनस्' आणि 'आयुस्' अशी संस्कृत आहेत. मुठीत आडवी धरायची, सरळ भोसकण्यासाठी घडलेली कट्यार हे भारतीय शस्त्र. मराठी वाचकाला ते वस्तुसंग्रहालयातून, बखरींतून आणि नाटकांतून ओळखीचे आहे. तिचा इतिहास येथे पुसला गेला आहे; उरली आहे ती आकृती, नावाचा नाद आणि भोसकण्याची स्मृती. ही स्मृती गेली तर कट्यार एक चमत्कारिक हातमोजा होईल. म्हणजे द्वंद्वाचा आनंद इजेचा नसला तरी इजेच्या स्मृतीवर तो पोसला जातो. भयाची आठवण ठेवून भयाचा निरास करणारा हा आनंद आहे. त्याला निर्मळ म्हणण्यापेक्षा नियमित म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. तो सुसह्य होतो याचे कारण शस्त्र खोटे आहे एवढेच नाही. समोर तितक्याच अधिकाराने उभा असलेला दुसरा कोणी आहे, हे त्याचे खरे कारण आहे.

पात्र घडविण्याच्या आनंदात नेमका हा दुसरा नसतो. तेथे खेळणारा एकटा असतो आणि त्याच्यासमोर एक मानवाकृती निमूटपणे उभी असते. उंची, बांधा, चेहरा, त्वचेचा रंग, आवाज, वस्त्रे, चिलखत, अलंकार, शस्त्राचे रूप : जे हवे ते तिच्यावर चढविता किंवा उतरविता येते. ती विरोध करीत नाही. सर्वसाधारण समज असा की खेळाचा हा भाग निरुपद्रवी आहे. बाहुलीला सजविण्याचाच हा प्रकार. परंतु नैतिक प्रश्न येथेच अधिक तीव्र होतो.

कांटने १७९० च्या ग्रंथात मुक्त आणि परतंत्र सौंदर्याचा भेद करताना एक लक्षणीय उदाहरण दिले आहे. न्यूझीलंडचे रहिवासी अंगावर गोंदवितात तशा वळणदार रेषांनी एखादी आकृती सुशोभित करता आली असती, पण ती आकृती माणसाची आहे, ही अडचण आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. त्याच ओघात, चेहरा अधिक कोमल घडविता आला असता, पण तो योद्ध्याचा असल्याने तसे करता येत नाही, असेही तो सुचवितो. गोंदणाविषयीचा त्याचा निवाडा आज मान्य होण्यासारखा नाही. ज्यांच्या संस्कृतीत गोंदण ही कुळाची आणि प्रतिष्ठेची लिपी आहे, त्यांना त्याने केवळ नक्षी पाहणाऱ्याच्या नजरेने पाहिले. परंतु त्या उदाहरणातील मूळ अडखळणे खरे आहे. मानवाकृती ही इतर आकृतींसारखी निव्वळ सामग्री नाही. तिच्याशी खेळताना हात क्षणभर थबकावा असे तिच्यात काही असते.

पात्रनिर्मितीची यंत्रणा हे थबकणे नाहीसे करते. २००८ च्या चौथ्या भागात प्रहारांनी चिलखताचे वरचे, मधले आणि खालचे भाग फुटून गळून पडतात आणि पात्र उरल्यासुरल्या वस्त्रांनिशी लढत राहते. स्त्रीपात्रांच्या बाबतीत या योजनेचा रोख कोठे आहे हे सांगण्याची गरज नाही. त्याच भागात प्रत्येक वस्त्राला सामर्थ्याचे मूल्यही जोडले होते. त्यामुळे काय शोभते आणि काय उपयोगी पडते यांचा संघर्ष उभा राहिला आणि देह हा हिशेबाचा विषय झाला. द्वंद्वात शस्त्रधारी प्रतिस्पर्ध्याला जो मान अपरिहार्यपणे द्यावा लागतो, तो निर्मितीच्या दालनातील निःशस्त्र आकृतीला कोणी देत नाही.

याविरुद्ध एक सबळ आक्षेप घेता येईल. सोंग ही मुक्तीही असते. जन्माने दिलेला देह, लिंग, वय, वर्ण यांपलीकडे जाऊन निराळे होऊन पाहण्याची मुभा बहुरूप्याला असते, आणि प्रत्यक्षात जे रूप धारण करणे समाज अशक्य करून ठेवतो ते येथे धारण करता येते. ही शक्यता क्षुल्लक नाही. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाचे विवरण करताना 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली : स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे. घडविलेल्या पात्राशी खेळणाऱ्याचे जे नाते जडते, ते या समाधीच्या जवळचे असू शकते. मात्र त्यासाठी त्या पात्राला 'दुसरे' असावे लागते. जे सर्वस्वी इच्छेने घडले आहे, त्यात शिरणे म्हणजे परकायाप्रवेश नसून आरशात पाहणे होय. येथे प्रश्न असा की, घडविलेल्या पात्राला दुसरेपण कोठून यावे?

याचे उत्तर या खेळाच्या रचनेतच दडलेले आहे. २०१८ च्या सहाव्या भागात खेळणारा मानवेतर देहसुद्धा घडवू शकतो, पण लढण्याची पद्धती तो नव्याने घडवू शकत नाही. ती त्याला मालिकेतील एखाद्या योद्ध्याकडूनच घ्यावी लागते. मित्सुरुगीची पद्धती घेतली की पवित्रे, पल्ला, गती आणि उणिवा यांसह ती सगळी स्वीकारावी लागते. रूपात पूर्ण स्वातंत्र्य आणि आचरणात पूर्ण परंपरा, अशी ही विभागणी आहे. कवीला शब्द निवडता येतात, पण भाषा निवडून नव्याने रचता येत नाही, तसेच काहीसे हे आहे. आणि अनुभव असा की, एकच पद्धती चालविणारे दोन खेळाडू काही वेळातच वेगळे ओळखू येतात. एक सावध असतो, दुसरा उतावळा. एक वाट पाहतो, दुसरा पाहू शकत नाही. हे वेगळेपण त्यांनी निवडलेल्या मुकुटात किंवा केसांच्या रंगात दिसत नाही. दिलेले व्याकरण कष्टाने आत्मसात करताना आणि दुसऱ्याच्या विरोधाला तोंड देताना ते घडत जाते. निर्मितीच्या दालनात इच्छेचे बाहुले असलेली आकृती द्वंद्वाच्या वर्तुळात आल्यावरच चुकते, अडते, शिकते आणि तेव्हाच तिला दुसरेपण प्राप्त होते. सामान्य समजाच्या हे अगदी उलट आहे. संशय घेतला जातो तो द्वंद्वावर, आणि सजावटीला मोकळे सोडले जाते. प्रत्यक्षात सजावटीत हरवू शकणारी नैतिकता द्वंद्वच परत मिळवून देते.

मालिकेच्या कथाभागात सीगफ्रीड नावाचा एक जर्मन तरुण आहे. लुटारूंच्या टोळीचा नायक असताना रात्रीच्या हल्ल्यात त्याने एका सेनानीचे मस्तक उडविले आणि चंद्रप्रकाशात पाहिले तो ते त्याच्या पित्याचे निघाले. हे सत्य त्याला पेलले नाही. पित्याला दुसऱ्याच कोणी मारले अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली, त्या काल्पनिक मारेकऱ्याच्या सूडासाठी दुष्ट तलवार मिळविली आणि तिच्या अधीन होऊन तो नाइटमेअर नावाचा राक्षस झाला. पुढे तो तिच्या पाशातून सुटतो आणि प्रायश्चित्ताची वाट धरतो. लोकप्रिय करमणुकीच्या या ढोबळ कथेत एक नेमकी जाण आहे. सीगफ्रीड राक्षस होतो तो पितृवधाने नव्हे, त्या वधाचे कर्तृत्व नाकारल्याने.

शस्त्राच्या खेळात रमणाऱ्यालाही हाच कस लावता येईल. 'हा केवळ खेळ आहे' हे वाक्य खोटे नाही, पण ते बहुधा चुकीच्या ठिकाणी वापरले जाते. प्रहार खरा नव्हता, एवढेच ते सांगू शकते. आनंद खरा नव्हता, असे ते सांगू शकत नाही. आनंद खराच होता, आणि तो कशाचा होता हे ओळखण्याची जबाबदारी ज्याला तो झाला त्याचीच आहे. समोरच्याच्या कौशल्याने खुललेला आनंद आणि निमूट आकृतीवरच्या सत्तेने सुखावलेला आनंद एकाच पडद्यावर, कधी एकाच तासात अनुभवास येतात. त्यांतील भेद बाहेरच्या निषेधाला दिसत नाही, आणि 'केवळ खेळ' म्हणणाऱ्या समर्थनाला तो पाहायचा नसतो. कर्ता झालेल्या आस्वादकाला मात्र तो टाळता येत नाही. कारण तलवार या वेळी त्याच्याच हाती असते.