लाज कोणाची?

रविवारच्या मिस्साबलीला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आणि प्रवचन चालू असतानाच दोनदा उठून बाहेर जाणाऱ्या माणसाविषयी आपण फार लवकर मत बनवितो. ‘याचे चित्त देवाकडे नाही’ असे मनात येऊन जाते. वस्तुतः तो कदाचित आपणा सर्वांहून अधिक कष्ट सोसून तेथवर आलेला असतो.

मधुमेहात रक्तातील वाढलेली साखर लघवीवाटे बाहेर पडताना पाणीही ओढून नेते. त्यामुळे लघवी पुष्कळ होते. कित्येकांचे दुखणे मात्र एवढ्यावर थांबत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहाने मज्जातंतूंना व मूत्राशयाच्या स्नायूंना इजा पोहोचते आणि मूत्राशय थोडेसे भरले तरी न आवरणारी घाई होते. यालाच अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते. कधी दाराशी पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. या व्याधीने प्राण जात नाही, पण जगणे आक्रसत जाते. प्रथम प्रवास सुटतो, मग लग्नकार्ये, आणि अखेर मिस्साबलीही. काहीजण भीतीपोटी पाणी पिणेच कमी करतात आणि नवे संकट ओढवून घेतात.

हे सारे लपविणे म्हणजे शालीनता काय? मला तसे वाटत नाही. शालीनता शरीर झाकावयास सांगते, दुखणे झाकावयास नव्हे. शरीर ही देवाने सोपविलेली ठेव आहे. तेव्हा डॉक्टरांपाशी मोकळेपणाने बोलणे हे रुग्णाचे कर्तव्यच ठरते. साखरेवर नियंत्रण, ठरावीक वेळी लघवीस जाण्याचा सराव, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि औषधे यांनी अनेकांना आराम पडतो.

परंतु सारा दोष रुग्णाच्या मौनाला देणे न्यायाचे नाही. तो गप्प राहतो, कारण आपले हसणे त्याने पाहिलेले असते. उत्पत्तीच्या 9 व्या अध्यायात नोहा तंबूत विवस्त्र पडला असता हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी मात्र खांद्यावर वस्त्र घेतले आणि पाठमोरे चालत जाऊन पित्याला झाकले. नोहाची ती अवस्था मद्याने झाली होती. आपल्या घरच्या वृद्धाचा तर तेवढाही अपराध नाही. मग लाज कोणाला वाटावी, उघडे पडलेल्याला की ते बाहेर सांगत सुटणाऱ्याला?

ख्रिस्तसभा आजाऱ्याला रविवारच्या बंधनातून सूट देते. पण सूट देणे वेगळे आणि जागा देणे वेगळे. दाराजवळच्या बाकाचे टोक मोकळे ठेवावे, आवारातील शौचालयाला मिस्साच्या वेळी कुलूप नसावे, घरी रात्री वाटेवर दिवा असावा. आणि कोणी मध्येच उठून गेले, तर आपण मान वळवू नये. शेम आणि याफेथ यांनीही तोंड फिरवूनच ते वस्त्र नेले होते.