मडक्यावरची ताटली

उन्हाळ कांदा चाळीत गेला की आमच्या सिन्नर तालुक्यात पाण्याचे वांधे सुरू होतात. नेमकं त्याच दिवसांत बायकोचं ऑपरेशन ठरलं. नाशिकला पोराकडे तीन-चार दिवस राहायचं होतं. गाय मेहुण्याच्या गोठ्यात नेऊन बांधली. राहिली अंगणातली तुळस. आईच्या हातची.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आम्ही वारीला गेलो तर धाकट्या भावाची बायको सकाळी तांब्याभर पाणी घालायची. पण विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षं बोलणं बंद. दोन्ही घरांचं अंगण एकच, मधे भिंत नाही, तरी कोणी पाऊल टाकत नाही.

म्हणून मी मडकं पुरलं. वृंदावन ऐसपैस आहे. मुळं न दुखवता वीतभर अंतरावर खड्डा केला, तीन लिटरचं मडकं गळ्यापर्यंत मातीत बसवलं आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत. मडकं कच्चं नको, पक्कं भाजलेलं हवं, पण रंग नाही, झिलई नाही. पाणी भरून ठेवावं. थोड्या वेळाने बाहेरून ओल सुटली तर ते कामाचं. गेल्या वर्षीचा माठ मी आधी पाहिला होता. बोअरच्या खारट पाण्याने त्याची छिद्रं बुजलेली. ज्या माठात पाणी गार होत नाही, तो झाडालाही पाणी देत नाही.

युक्ती माझी नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये फान शेंगझी यांनी शेतीच्या पुस्तकात पुरलेल्या मडक्याभोवती वेल लावायची रीत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे वैशाखात पिंडीवर आणि तुळशीवर गळती बांधतात, तीही त्याच जातीची. पण गळती आपल्या चालीने थेंब टाकत राहते. पुरलेलं मडकं तसं नाही. माती कोरडी पडली की ती पाणी ओढते, ओली असली की झिरपणं मंदावतं. घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे देणं. माणूस आपल्या मनात येईल तेव्हा देतो, आणि वर चार ठिकाणी सांगतो.

मला तुळशीची काळजी होतीच. त्याहून जास्त ‘त्यांच्याकडे मागायला नको’ ही होती. कोणाचे उपकार नकोत, याला आपण स्वाभिमान म्हणतो. त्यात नुसता ताठा किती असतो? मला वाटतं, स्वाभिमानी माणसाला अडलं की मागता येतं. ताठ्याच्या माणसाला मागता येत नाही, म्हणून तो मडकी पुरतो. (ठिबकवाल्यांनी रागावू नये, माझ्याही द्राक्षाला ठिबकच आहे.)

मडकं आधी चार दिवस वापरून पाहिलं होतं. चौथ्या दिवशी तळ दिसायचा. आणि बायकोला ताप आला, चाराचे अकरा दिवस झाले. सहाव्या दिवशी मी भावाचा नंबर काढला, बघितला आणि फोन खिशात ठेवला. ती म्हणाली, “करा ना.” मी म्हणालो, “मडकं आहे.” मडक्यात काही नाही, हे मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी घरी आलो. तुळस हिरवीगार, नवा फुटवाही आलेला. फरशीचा तुकडा बाजूला पडलेला, मडकं गळ्यापर्यंत भरलेलं आणि वर पितळी ताटली झाकलेली. कडेला पोचा आलेली. आईची. वाटणीत धाकट्याकडे गेली होती.

पोराने कौतुकाने विचारलं, “आबा, आपोआप झालं का हो सगळं?”

मी काही बोललो नाही. ताटली परत द्यायची होती, आणि आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. बायकोने तीत चार कैऱ्या ठेवल्या आणि माझ्या हातात दिली. मग मला चप्पल सापडेना. पायातच होती.