रक्षक आणि साक्षी

मोठ्या माणसाच्या भोवती चार माणसे उभी असली, की आपली नजर मधल्या माणसावर खिळते. त्या चौघांकडे कोणी लक्ष देत नाही. कधी तरी मधल्याला विसरून त्या चौघांकडेच पाहावे. ते कोणाचे? त्यांना पगार कोण देतो? धन्याने भलतेच काही करायला सांगितले, तर ‘नाही’ म्हणण्याची मुभा त्यांना आहे काय? आणि उद्या न्यायासनापुढे उभे केले, तर खरे बोलायला ते मोकळे आहेत काय? पुढाऱ्याच्या दहा भाषणांतून जे कळत नाही, ते या चार प्रश्नांच्या उत्तरांतून कळते.

सत्ताधाऱ्याला जिवाचे भय असते, आणि ते खोटे नसते. म्हणूनच राज्य त्याला रक्षक देते. तरीही काही पुढारी सरकारी रक्षकांवर विसंबत नाहीत; पदरची माणसे बाळगतात. यात वावगे काय, असे कोणी म्हणेल. जीव ज्याचा, विश्वासही त्याचाच. घराला कुलूप कोणते लावावे हे घरधन्यानेच ठरवायचे. हे म्हणणे घराच्या बाबतीत खरे आहे. राज्य मात्र कोणा एकाचे घर नव्हे.

ग्रीक इतिहासातली एक गोष्ट येथे आठवते. इसवी सनापूर्वी ५६० च्या सुमारास अथेन्समधला पिसिस्ट्राटस नावाचा पुढारी जखमी अवस्थेत भर चौकात रथ हाकीत आला. शत्रूंनी आपल्यावर हल्ला केला, असे त्याने सांगितले. जखमा त्याने स्वतःच करून घेतल्या होत्या, असे हिरोडोटस लिहितो. लोक कळवळले, आणि त्यांनी त्याला सोटे घेतलेले रक्षक मंजूर केले. वृद्ध सोलनने विरोध केला. त्याचे कोणी ऐकले नाही. त्याच सोटेवाल्यांना घेऊन पिसिस्ट्राटसने अथेन्सचा बालेकिल्ला काबीज केला आणि तो हुकूमशहा झाला. रक्षक दिले लोकांनी, पण ते होऊन बसले त्याचे! पुढे ॲरिस्टॉटलने राजा आणि जुलमी सत्ताधीश यांच्यातला एक भेद सांगितला, तो हाच: राजाला प्रजाजन राखतात, जुलमी सत्ताधीशाला भाडोत्री माणसे राखतात.

आपल्याकडचा दाखला तर घरोघरी ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. शाळेत हा प्रसंग शिकवू लागले, की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: “पण गारदी तर वाड्याच्या पहाऱ्यावरच होते ना?” होते. पगाराची तक्रार घेऊन ते आत शिरले, आणि पहारेकरीच मारेकरी झाले. गारदी तेवढा बेइमान, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याआधी बाराच वर्षे, १७६१ साली, पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला होता. दोष जातीत नव्हता, रक्तातही नव्हता. ज्याची निष्ठा थैलीशी बांधलेली असते, त्याची गाठ दुसऱ्या थैलीवाल्याला सोडवता येते, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या काळी दौलत व धनी यांत भेद नव्हता. म्हणून दौलतीशी इमान राखणारा पहारेकरी घडवायचा कोठून?

तो भेद आधुनिक राज्यांनी कष्टाने केला. अमेरिकेत १९०१ साली अध्यक्ष मॅकिन्ली यांचा खून झाल्यावर अध्यक्षांच्या रक्षणाचे काम सीक्रेट सर्व्हिस या सरकारी खात्याकडे आले. अध्यक्षपदाच्या उमेदवारांना मात्र असे रक्षण नव्हते. १९६८ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांच्याभोवती त्यांची स्वतःची माणसे होती. त्यानंतर प्रमुख उमेदवारांनाही कायद्याने रक्षण मिळाले. सरकार विरोधकांच्या हाती असेल तर पुढाऱ्याने विसंबावे कोणावर, या रास्त शंकेला हेच उत्तर आहे: रक्षण मर्जीवर न सोडता कायद्याने बांधून द्यावे.

त्याच देशात २०१६ साली डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. सीक्रेट सर्व्हिसचे कडे भोवती असतानाही त्यांनी आपले खासगी रक्षक सभांमधून ठेवले होते. सरकारी रक्षण मिळण्यापूर्वी, २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या इमारतीबाहेर त्यांच्या रक्षकप्रमुखाने निदर्शकांचा एक फलक हिसकावून घेतला. तो परत घ्यायला धावलेल्या माणसाच्या तोंडावर त्याने हात चालवला. निदर्शकांनी लावलेला दावा २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. फलकाने कोणाचा जीव धोक्यात येत नाही. येते ती प्रतिष्ठा. पदरचा रक्षक या दोहोंत फरक करीत नाही, कारण त्याचा धनीही करीत नाही.

याउलट १९९८ सालची हकीकत पाहावी. अध्यक्ष क्लिंटन यांच्या चौकशीत सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांना साक्षीस बोलावले गेले. रक्षकाने रक्षिताविषयी बोलू नये, असा सरकारचा युक्तिवाद होता. न्यायालयांनी तो फेटाळला, आणि रक्षकांना साक्ष द्यावी लागली. सरकारी रक्षक नुसता ढाल नसतो. तो जनतेने पुढाऱ्याच्या शेजारी उभा केलेला साक्षीदार असतो, हे या घटनेने दाखवून दिले. ज्याला पदरचाच रक्षक हवा असतो, त्याला बहुधा ढाल हवी असते. साक्षीदार नको असतो.

सरकारी रक्षक तरी विश्वासाचे कशावरून, असा आक्षेप कोणी घेईल. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींना त्यांच्याच पहाऱ्यावरच्या शिपायांनी मारले. सुवर्णमंदिरातल्या कारवाईनंतर शीख शिपायांना पहाऱ्यावरून दूर केले गेले होते. ते इंदिराजींना मान्य झाले नाही. त्याची किंमत भयंकर पडली, हे नाकारता येत नाही. पण एका धर्माच्या सगळ्यांना संशयित ठरवून स्वतःला वाचवायचे, हे देशाच्या पंतप्रधानाला न शोभणारे होते, हेही नाकारता येत नाही. शिपायांनी विश्वासघात केला म्हणून विश्वास ठेवणे चूक ठरत नाही. त्यानंतर आपल्याकडे स्वतंत्र रक्षकदल आले, आणि १९८८ साली त्याचा कायदा झाला. दुःखातून राज्याने जे घडवायचे, ते कायद्यानेच घडवायचे असते.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला गांधीजी आहेत. २० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनासभेत स्फोट झाला, तरी येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास ते तयार झाले नाहीत. दहाच दिवसांनी त्यांचा प्राण गेला. प्रत्येक पुढाऱ्याने एवढे निर्भय व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण लोकांमध्ये वावरणारा माणूस स्वतःला लोकांच्या हाती थोडा तरी सोपवीत असतो, आणि तेवढाच तो पुढारी असतो. सरकारी रक्षक स्वीकारणे म्हणजे हा विश्वास माफक प्रमाणात ठेवणे. ज्यांच्यावर राज्य करायचे, त्यांनी नेमलेल्या माणसाच्या हाती जीव द्यायला जो कचरतो, त्याच्या हाती त्या लोकांनी आपले जीव का द्यावेत?

दोष मात्र एकट्या पुढाऱ्याचा नाही. काळ्या चष्म्यांची रांग पाहून ‘माणूस वजनदार दिसतो’ असे आपणच म्हणतो. लग्नामुंजीत, उत्सवाच्या मांडवात, त्या रांगेला वाट करून देणारेही आपणच. पुढच्या खेपेला वाट करून देण्याआधी एवढेच विचारावे: हे चौघे कोणाचे?