सक्ती कोणावर?

आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत शेजारची चार वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी दोन तास मुकी बसून राहिली आणि शेवटी तिने फ्रॉक ओला केला. बाई वाईट नव्हत्या. त्या कन्नड बोलत होत्या, इतकेच. मदतनीस मराठी, पण ती आत स्वयंपाकात गुंतलेली. दुसऱ्या दिवशी पोर उंबऱ्यातच अडून बसली. आजी सुनेला म्हणाली, "नको नेऊस गं तिला. पहिलीला जाईल तेव्हा जाईल."

बालवाडी कायद्याने सक्तीची करा, अशी मागणी ऐकली की मला ही आजी आठवते. हंगेरीने २०१५ पासून आणि फ्रान्सने २०१९ पासून तिसऱ्या वर्षालाच शिक्षण सक्तीचे केले. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा मात्र सहा ते चौदा वर्षांपुरता आहे. त्याआधीच्या मुलांसाठी सरकारला सोय 'करता येईल', एवढेच तो म्हणतो.

आईच्या कुशीतले लेकरू हुकमाने बाहेर काढावे काय? माझे मन प्रथम साफ नकारच देत होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम मांडले. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आईबापांना दटावले नाही. बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच त्यातून आला. सक्ती हवी कशाला?

पण तो कायदा नीट वाचला आणि थबकलो. त्यात 'सक्तीचे' याचा अर्थ मुख्यतः सरकारवरचे बंधन असा दिला आहे : शाळा द्यायची, मूल दाखल करून घ्यायचे, ते येते की नाही हे पाहायचे. मूल शाळेत घालणे हे पालकांचेही कर्तव्य मानले आहे. दंड मात्र नाही. ऐपतीचे लोक तिसऱ्या वर्षी फी भरून मुलांना नर्सरीत घालतातच. वडगाव-शहापुरात मागावर बसणाऱ्या आईचे काय? तिचे धाकटे पोर सांभाळायला थोरली बहीण स्वतःची शाळा बुडवते.

आणि आपल्या सीमाभागाला याहून जवळचा एक मुद्दा आहे. घटनेतील अनुच्छेद ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याबद्दल बोलतो. तो १९५६ साली घातला गेला, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले त्याच वर्षी. पण त्यात शब्द आहेत 'प्राथमिक टप्प्यावर'. बालवाडी त्या पायरीच्या खाली राहते. ज्या वयात मुलाकडे घरच्या भाषेखेरीज दुसरे काहीच नसते, नेमके ते वय बाहेर! बालवाडी सार्वजनिक शिक्षणाची पहिली पायरी ठरली, तर भाषेचे उत्तर सरकारला द्यावे लागेल. म्हणून आता मी कायद्याच्या बाजूचा आहे. मात्र भाषेविषयी मौन बाळगून मूल तेवढे आत घेणारा कायदा आला, तर त्या पोरीचे ते दोन तासच सक्तीचे होतील. तसे असेल, तर आजीचेच खरे.

कन्नडचा दुस्वास इथे नाही. गल्लीत खेळता खेळता ती पोर कन्नड शिकतेच आहे.

सध्या ती अंगणवाडीत जाते. मदतनीस भात चढवण्याआधी अर्धा तास तिच्याजवळ बसते. तिच्या कामात हे कुठे लिहिलेले नाही.