पाच घरांची झोळी

निर्गुण मठाच्या वाटेवर सासूबाईंच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली आणि त्या तशाच दहा-बारा पावलं पुढे गेल्या. भर दुपार, फरशी तापलेली. "आई, चप्पल!" म्हटलं, तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

गाणगापूर आमच्या अफजलपूर तालुक्यातच, भीमा-अमरजेच्या संगमावर. श्रीगुरू, आमचे महाराज, रोज दुपारी कोणत्या ना कोणत्या रूपात इथे भिक्षेला येतात ही श्रद्धा, म्हणून भक्त पाच घरी माधुकरी मागतात. सासूबाई तीस वर्षं मागत आल्या. गुरुवार, एकादशी निरंकार; एरवी ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण. दूध काशीला सोडून आलेल्या.

चप्पल गळायच्या आधी काही महिने त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या, दम लागायचा. घरात लेकीच्या गरोदरपणातल्या लाल गोळ्या उरल्या होत्या: एकेकीत 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. मीच सुरू केल्या. चेहऱ्यावर रंग आला, आम्ही महाराजांपुढे नारळ फोडला. पायांच्या मुंग्या वाढत होत्या, त्या मी वयावर घातल्या. चूक माझी. ब-12 जीवनसत्त्व कमी असताना नुसत्या फॉलिक अॅसिडने रक्त सावरतं, नसांची झीज मात्र चालूच राहते, आणि रक्त बरं दिसतं म्हणून ती लवकर ध्यानातही येत नाही.

चप्पल गळाल्यावर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, ब-12ची इंजेक्शनं आणि कॅप्सूल लिहून दिल्या. सासूबाईंनी कॅप्सूल नखाने दाबून पाहिली. "हे कशाचं गं?" वरचं आवरण जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांचं असतं, देवाच्या माणसाशी खोटं बोलवेना. कॅप्सूल परत गेल्या. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला: महाराजांच्या भरवशावर जेवणाऱ्याने सुई टोचून घ्यायची, म्हणजे भरवसा सुटला असंच ना?

या प्रश्नाने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. ब-12 झाडं बनवत नाहीत, गाईचं शरीरही बनवत नाही. तिच्या पोटातले जीवाणू ते बनवतात. औषधातलंही जीवाणूंकडूनच मिळवतात. म्हणजे दुधातून येत होतं तेही कुणाचं तरी दान. अन्नमय कोश आपला म्हणायचा, पण त्यातला कण न् कण दुसऱ्याच्या दारातून आलेला. आणि माधुकरी मागणाऱ्याने दार निवडायचं नसतं. मी हे त्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "पण सहावं घर नको हं."

तो शब्द मला लागला. मी गुपचूप शक्तीची आणखी एक बाटली आणून ठेवली होती, अ आणि ड जीवनसत्त्वांची. ही दोन्ही अंगात साठत जातात. आठवड्याला एक घ्यायची ड-ची 60,000 युनिटची पुडी काही जण रोज घेतात. रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. बाटली मी डॉक्टरांना दाखवली, त्यांनी बंद करायला सांगितली. लाल गोळ्या नातवाच्या हाती लागू नयेत म्हणून ट्रंकेत कुलूपबंद केल्या. खाऊच्या गोळ्या समजून चिमुरड्याने मूठभर खाल्ल्या तर लोहाने जीव जातो.

पायांची जाणीव पुरती परतलेली नाही. गेल्या पौर्णिमेला त्यांना मागे पट्टा असलेल्या चपला घेतल्या. पाचव्या घरी भाकरी पडली, त्यांनी झोळीला गाठ मारली आणि पाय बघत बघत पायरी उतरल्या.