पानाआडचं काम

जरा सावकाश बसा. वर्षानुवर्षं चालत आलेलं एखादं वेब ॲप्लिकेशन मनासमोर आणा. आधी त्याचं पान नीट दिसू द्या: रंग, बटणं, तक्ते. मग एकेक पुसत जा. रंग पुसा. तक्ता पुसा. बटणही पुसा. काय उरलं?

उत्तराची घाई नको. आधी एक गोष्ट.

2005 सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर आठवा. फेब्रुवारीत गूगल मॅप्स सुरू झालं होतं. ड्रीमवर्क्समध्ये काम करणारे प्रोग्रामर पॉल रेडमाकर घर शोधत होते. क्रेग्जलिस्टवर घरांच्या जाहिराती होत्या, पण नकाशा नव्हता. गूगलकडे नकाशा होता, पण घरं नव्हती. रेडमाकर यांनी गूगलच्या पानातली जावास्क्रिप्ट उलगडून वाचली आणि जाहिराती नकाशावर मांडल्या. ‘हाउसिंगमॅप्स’ उभं राहिलं, तेही कुणी अधिकृत वाट करून दिलेली नसताना.

इथे थांबा. अक्षांश-रेखांशावरून पडद्यावरचा ठिपका ठरवणं, नकाशाचे चौकोनी तुकडे मागवून जुळवणं, हे सगळं आधीपासून चालूच होतं. फक्त एका पानाला बांधलेलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने ते एपीआय म्हणून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना थेट मागता येईल अशा रूपात, खुलं केलं. पुढे रेडमाकर यांना नोकरीही दिली. मला मात्र त्याहून रंजक वाटतं ते हे, की पाहुणा आधी आला आणि दार नंतर बसलं.

आता पुन्हा आपल्या ॲप्लिकेशनकडे. त्यातलं एकच काम असंच बाहेरच्या प्रोग्रामांसाठी सर्व्हिस म्हणून खुलं करायला निवडा, समजा व्याजाची आकारणी. ती कुठे लिहिली आहे? बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्येच? लॉगिन केलेला माणूस समोर बसलाय, हे ती गृहीत धरते का? ग्राहक कोण, हे गुपचूप सेशनमधून उचलते का? चुकलं की लाल अक्षरांत वाक्य येतं; त्यातून दुसऱ्या प्रोग्रामने काय समजायचं? प्रत्येक प्रश्नापाशी रेंगाळा. सर्व्हिसला पत्ता देणं एका दुपारचं काम. ही गृहीतकं सोडवण्यात महिने जातात.

मग मागणाऱ्याकडे पाहा. पान बदललं तर माणूस कुरकुरतो आणि नवं बटण शोधतो. उत्तरातल्या एका फील्डचं नाव बदललं, तर कुठलातरी अनोळखी प्रोग्राम बंद पडतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. 2018 मध्ये गूगलने नकाशांसाठी एपीआय-की आणि बिलिंग खातं सक्तीचं केलं, तेव्हा ते नसलेल्या साइटांवरचे नकाशे काळवंडले.

तुम्ही निवडलेल्या कामाला बाहेरून कोण हाक मारेल? त्याच्यासाठी नाव काय ठेवाल?